मंडळापुढे माझ्या नावाने काय सांगावे

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम व काज-बटण, गल्लीत काजवाल्या मावशी म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा मात्र हल्ली दुसऱ्याकडून ओवून घ्यावा लागतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या मुलीला. शिवणयंत्र व कात्र्या नातीला. मोठी कात्री कागदाला लावलेली मला खपणार नाही, मेल्यावरही.

२. धाकट्या दिरांना काही नाही. माझा मुलगा गेला त्याच आठवड्यात त्यांनी त्याची सायकल "दोन दिवसांसाठी" नेली. एकवीस वर्षे झाली. सायकल त्यांना लखलाभ.

३. माझ्या मुलाला त्याच्याच वर्गमित्राने मैदानावरच्या भांडणात चाकू मारला. मुलगा सतरा वर्षांचा, मित्राने नुकतीच अठरा पूर्ण केलेली. मित्राला जन्मठेप झाली. त्याने तुरुंगाच्या मंडळाकडे दोनदा मुदतपूर्व सुटका मागितली, दोन्ही वेळा मी विरोधाचे पत्र धाडले. तिसऱ्या वेळी मंडळाने बोलावले म्हणून मी आणि मुलगी समक्ष गेलो. समोर टक्कल पडलेला माणूस बसला होता. मी इतकी वर्षे ज्या पोराला शिव्याशाप दिले, तो कुठे दिसेना.

मी विचारले, "शेवटी काय बोलला तो?"

तो म्हणाला, "'आईला सांगू नकोस, घाबरेल,' म्हणाला. आम्हाला वाटलं, जखम लहानशी आहे. मग रक्त थांबेना आणि मी पळालो. कुणाला हाक मारली असती तर वाचला असता."

हे त्याने कोर्टातही सांगितले नव्हते. सांगून त्याचा फायदा काहीच नव्हता. ते पळून जाणे मी माफ केलेले नाही. तरी मंडळाला म्हटले, "सोडा त्याला."

परतताना मुलगी म्हणाली, "आई, दादा अजून सतराचाच आहे. हा एकोणचाळीसचा झाला. एवढं जगायला मिळालं, ते पुरेसं नाही का त्याला? वर सुटकाही हवी?"

तिचे म्हणणे खोटे नाही. पण त्याला आत ठेवून माझ्या मुलाचे वय वाढणार नाही, एवढे कळते.

४. मंडळाने निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला आहे. त्याआधी मी गेले, तर कपाटाच्या वरच्या खणातले माझे संमतीपत्र मंडळाला द्यावे. माझ्या नावाने कोणीही विरोध करू नये. मुलीला स्वतःच्या नावाने करायचा असेल, तर तो तिचा हक्क आहे. त्यापायी तिच्या वाट्यातली एक वीटही कमी होणार नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीनेच करावी. वकीलबाई म्हणाल्या, "जिचा विरोध, तिच्याच हातात देताय?" मी म्हटले, "तिच्याच."

काल तिला हा मसुदा वाचून दाखवला. ती उठून खिडकीशी उभी राहिली. मग म्हणाली, "तुझं पत्र मी स्वतः नेऊन देईन. सोबत माझंही देईन. दोन्ही वाचू देत त्यांना."

माझी त्याला हरकत नाही, असे येथे लिहून ठेवते.

खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी केली.

सही: काजवाल्या मावशी
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन २. समोरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई
स्थळ: राहते घर, शिवणाची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा