दोनदा दाबलं की आजोबा

३ मार्च, सोमवार

तारीख टाकलीस? कालची नको हं, आजची! तुला अक्षर येतं पण लक्षात काही राहत नाही. माझ्या लक्षात सगळं, अक्षर मात्र एक नाही. म्हणून तर आपलं जमतं, नातबाई. मी बोलते तसं लिही — सुधारत बसू नकोस.

तुझ्या बाबानं आज टीव्हीला तीन डबे जोडले. पहिल्यात माझी मालिका. दुसऱ्यात वरच्या खोलीतला कॅमेरा, म्हणजे तुझे आजोबा. तिसऱ्यात त्या कॅमेऱ्यानं टिपलेलं साठून राहतं, डॉक्टरांना दाखवायला. रिमोटचं बटण एकदा दाबलं की मालिका, दोनदा दाबलं की आजोबा. "तिसऱ्यांदा दाबू नकोस, आई, गोंधळशील." मी कशाला दाबते!

झटका आल्यापासून ह्यांचा आवाज पुटपुटण्यापुरता उरलाय. माझ्या गुडघ्यांनी जिना सोडलाय. तुम्ही सगळे बाहेर पडलात की हे वर, मी खाली. काही लागलं तर ह्यांनी कॅमेऱ्याकडे हात हलवायचा, मी शेजारणीला हाक मारायची. उभ्या संसारात ह्यांच्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं!

५ मार्च, बुधवार

मालिकेत सासू दुधात विष कालवत होती. नेमकं तेव्हाच मी दोनदा दाबलं. ह्यांचं पांघरूण वर-खाली होतंय ना? होतंय. परत मालिका. परत धसका. परत हे. विष कोण प्यालं ते कळलंच नाही.

७ मार्च, शुक्रवार

शेजारीण म्हणते, "आजी, किती घाबरता!" घाबरते. लिही तसं.

१० मार्च, सोमवार

हळू लिही, अजून छाती धडधडतेय.

सकाळी डॉक्टर आले. तुझ्या बाबानं त्यांना तिसऱ्या डब्यातली कालची दुपार दाखवली आणि ती तशीच फिरती ठेवून कामाला गेला. मग तुझ्या आईनं टीव्हीमागची धूळ पुसली. वायरी काढल्या, पुसल्या, परत खोचल्या — दुसरीच्या जागी तिसरी! मला काय ठाऊक? दुपारी दोनदा दाबलं. हे झोपलेले, पांघरूण वर-खाली. म्हटलं, चला! पहिल्यांदाच निवांत पाय पसरले.

तेवढ्यात वरून ठक्. पुन्हा ठक्, ठक्.

पडद्यावर हे गाढ झोपेत — मग ठोकतंय कोण? पडद्याजवळ सरकले. आणि चादर दिसली. पट्ट्यांची! ती तर सकाळीच धुवायला टाकली, निळी मीच वर पाठवली होती. म्हणजे ही झोप कालची. मग आजचे हे कुठे?

जिना कसा चढले विचारू नकोस. बसत, रांगत, गुडघ्यांना शिव्या देत. तोंडात एकच — अहो! अहो! अहो!

पलंगाच्या कडेला जमिनीवर पडलेले. कॅमेऱ्याकडे हात हलवून हलवून दमले, शेवटी काठीनं फरशी ठोकत होते. मला पाहिलं नि पुटपुटले, "संपली वाटतं मालिका?"

रडले मी. मग हसले. मग खिडकीतून शेजारणीला हाक मारली, तिनं उचलून निजवलं.

११ मार्च, मंगळवार

चढले खरी, पण गुडघे आता उतरायला तयार नाहीत. बरंच झालं. ह्यांच्या पलंगाला लागून माझी गादी घातलीय. पांघरूण वर-खाली होतंय का, ते हात ठेवून कळतं. खाली तो टीव्ही बंद कर आणि आईला सांग — मऊ भात आणि बिनतिखटाची भाजी, दोघांचं एकाच ताटात वर पाठव.