जावेचे स्की

ॲन आर्बर, ८ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

शनिवारी सगळे क्रॉस-कंट्री स्कीइंगला, म्हणजे स्कीवर चढउतार चालत फिरायला गेलो. सासूबाई म्हणाल्या, नवे स्की कशाला, नेत्राचे पडून आहेत. थोरल्या जावेचे बूट मला बसले, स्कीही चकाचक. पण जरा चढ आला की मी मागे घसरते. सगळे हसले. पुढच्या महिन्यात केबिनवर जायचंय. तोवर जमलं नाही तर मी आत थांबून स्वयंपाक करायचा, असं ठरलं. नवरा असून अमन काही बोलला नाही.

तुझी प्रीता

बेलव्ह्यू, १५ जानेवारी

चि. सौ. प्रीतास अ. उ. आ.

रडकं पत्र पोचलं. नेत्राला तुझ्या लग्नात पाहिलीय, एका खुर्चीत मावत नव्हती. तू म्हणजे वाळत घातलेली कुरडई. तिच्या वजनाचे स्की तुझ्याखाली दबतील कसे? तुझा प्रतापकाका दर रविवारी स्कीइंगला जातो, मी गाडीत चहा पीत बसते, म्हणून कळतं. स्कीला मधे कमानीसारखा बाक असतो. भार पडला की तो दबून खालच्या खवल्यांनी बर्फ धरायला हवा. नाही दबला की घसरलीस.

घरात स्की घालून एका पायावर उभी राहा, त्याखाली कागद सरकव, सासूला ओढायला सांग. निघाला तर स्की तुझे नाहीत. सगळ्यांदेखत कर. एकटीने करून गप्प बसशील, तसलीच आहेस तू.

लोभ आहे तेवढाच आहे, वाढवायला जागा नाही.

आजी

ॲन आर्बर, २४ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

सासूबाईंनी दोन बोटांनी ओढला, कागद सुर्रकन निघाला. नेत्रावहिनी उठून आत गेल्या. सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचा मूड घालवलास. अमन म्हणाला, त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण वहिनीसमोर वजनाचा विषय कोण काढणार? मी घसरले तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

केबिनवर जाऊ की नको?

प्रीता

बेलव्ह्यू, ३० जानेवारी

चि. सौ. प्रीतास अ. उ. आ.

जा. नवरा गरीब गाय आहे तुझा, पण दुसऱ्याच्या गोठ्यातली. प्रताप तुझ्या वजनाचे स्की पाठवतोय, मऊ, कडेला धातूची पट्टी असलेले. तुमच्याकडचा बर्फ वितळून पुन्हा काचेसारखा गोठतो म्हणून. नेत्राचे पुसून तिच्या हातात दे. स्वयंपाक तिला येतो ना?

अमनचं पोट मी पाहिलंय, चढावर मागे पडेल. हाक मारेल. तेव्हा तो गप्प होता तशी तू गप्प राहा आणि पुढे जा. थांबलीस तर मला पुन्हा लिहू नकोस.

नाही थांबलीस तर लोभ आहेच.

आजी