पायरीवरचा पांढरा पट्टा

११ फेब्रुवारी १९४७
आजही कुणी आलं नाही. विल्फला न्यूमोनिया होऊन आठवडा होत आला, पण या अख्ख्या गल्लीतलं एक माणूस दारात उभं राहिलेलं नाही! आमच्या ओक्लाहोमात पहिल्याच संध्याकाळी टेबलावर भांडी मावली नसती. कोंबडीचा रस्सा, मक्याचा पाव, शिवाय बायका स्वयंपाकघरात शिरून भांडी घासत, रडत, सल्ले देत बसल्या असत्या.

शेजारच्या मिसेस एन्टव्हिसल भिंतीपलीकडून म्हणाल्या, "विल्फला बरं नाही म्हणे." म्हटलं, हो. "हं," म्हणाल्या आणि आत गेल्या. झालं!

भाऊ लिहितो, परत ये. युद्धात अमेरिकेत विमान चालवायला शिकायला आलेल्या या इंग्रजाच्या, विल्फच्या, प्रेमात पडले, लग्न करून त्याच्यामागे इंग्लंडात लँकेशरपर्यंत आले. तो बरा झाला की त्याला घेऊनच परत जाईन. ही थंडी हवामानातली की माणसांतली, काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी
मागच्या खिडकीत वाडगं! वर बशी पालथी घातलेली. आत तांदळाची खीर, जायफळ लावलेली, चक्क अंडं घातलेली. रेशनवर अंडं माणशी आठवड्याला एक, तेही नशिबात असलं तर. म्हणजे कुणीतरी स्वतःच्या तोंडचं काढून दिलं. विल्फने चार चमचे खाल्ले. कुणाचं वाडगं, देव जाणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
विल्फ उशीला टेकून बसला. म्हटलं, गंमत बघ, मी हात लावला नाही तरी आपली पायरी लख्ख! इथल्या बायका शुक्रवारी गुडघे टेकून पायरी घासतात, कडेला दगडाने पांढरा पट्टा ओढतात. मला कुठलं सुचायला?

तो खोकला येईपर्यंत हसला. "तुला काय वाटलं, आपोआप होते? मिसेस एन्टव्हिसल करतात. आणि तू जाळतेस तो कोळसा समोरच्या टॅटरसॉलचा."

आणि मी यांना माणूसघाणी म्हणत होते! लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा झाला.

१५ फेब्रुवारी
होतं नव्हतं ते पीठ संपवून बिस्किटं केली. आमची, मऊ, खारी, गरम. दारोदार गेले. मिसेस एन्टव्हिसलना भर रस्त्यात मिठी मारली, तुमच्यामुळे माझा नवरा जगतोय म्हणाले. त्या लाकडासारख्या उभ्या. मिसेस टॅटरसॉल ताटलीकडे बघून म्हणाल्या, "बिस्किटं? ही?" इथली बिस्किटं पातळ, गोड, चहात बुडवायची. त्यांचे यजमान कानापर्यंत लाल झाले. मला खूप हलकं वाटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आठवडाभर वाडगं नाही. कोळसा नाही. पायरी चिखलाने भरलेली. विल्फचा ताप पुन्हा चढला. कुठे चुकलं माझं?

२२ फेब्रुवारी
शेवटी सरळ मिसेस एन्टव्हिसलना गाठलं. मी रागावलेली, त्या अवघडलेल्या.
"नेडीन, पोरी, उपकाराची दवंडी पिटायची नसते. माणूस ओशाळतं. टॅटरसॉल दोन दिवस दुकानात गेला नाही."
"पण मला आभार मानायचे होते!"
"ते ठाऊक आहे आम्हाला."
"मग मी करू तरी काय?"
जरा विचार करून म्हणाल्या, "वाडगं धुऊन खिडकीत ठेव. आणि शुक्रवारी दार उघडू नकोस."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी बाहेर ब्रश घासल्याचा आवाज. मी दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी. उघडलं नाही! एवढे आभार तोंडात दाबून ठेवणं म्हणजे शिक्षाच. वरच्या खोलीत विल्फही ऐकत होता. वर गेले तर माझा हात धरून म्हणाला, "आता इथली झालीस." खिडकीत खीर होती. देवा, किती दिलंस मला या गल्लीत.

६ मार्च
आज खीर तशीच राहिली. डॉक्टर दोनदा येऊन गेले.

१० मार्च
आज विल्फला दफनाला नेलं. मी गाडीमागून चालले. भर दुपारी दोन्ही बाजूंच्या एकूण एक घराचे पडदे ओढलेले. आमच्याकडे अशा दिवशी दारं सताड उघडी ठेवतात. इथे मान द्यायचा तर पडदा ओढतात. कुठल्या पडद्यामागे कोण उभं राहून रडतंय, ते मला न बघता कळत होतं. मीही मान वर केली नाही.

भावाला तार केली, मी परत येत नाही.