अंगणवाडीच्या माथ्यावरची लोकर

सोलापूर, २ एप्रिल २०२५

ती. केराआत्यास,
सिद्धेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तू मेंढरांमागे माळावर, तिथे फोन लागत नाही. म्हणून हे पत्र नातेपुत्याच्या एसटीने पाठवतेय. आत्या, धुळामामा कातरणीनंतर जी लोकर ओढ्यात टाकतात ना, तीच मला हवी आहे! हसू नकोस. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी सबाताईंची अंगणवाडी घेतली आहे. खोली पत्र्याची. अकरा वाजले की पोरं घामाघूम होऊन रडतात. पंधरा तारखेपर्यंत खोली गार झाली नाही, तर उन्हाळाभर अंगणवाडी बंद, आणि त्यांच्या आयांनी विड्या वळायला जायचं कसं? पत्र्याखाली लोकरीचा थर दिला की ऊन आत उतरत नाही, असं मी वाचलंय. चार पोती धुऊन पाठव.

माया कमी करू नकोस, नाहीतर भांडायला येईन.
तुझी सिद्धू

नातेपुते, ६ एप्रिल

चि. सिद्धेश्वरीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून आमचे धनी, तुझे मामा, पोट धरून हसले. पोरगी कालेजात जाऊन कचरा मागाया लागली की, म्हणाले. मी मात्र तुझी मान खाली जाऊ नये म्हणून नुसती लोकर पाठवली नाही. घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ दिली, दगडाखाली दाबली आणि पत्र्यासारखे ताठ तक्ते केले. तुझे सर बघतच राहतील. वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

सोलापूर, १० एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न.

तक्ते पाहून सबाताई हरखल्या. पण ते पत्र्याखाली बसवून काल दुपारी तापमान मोजलं तर बाहेर बेचाळीस आणि आत त्रेचाळीस! मी रडलेच. चूक माझी, मी नीट सांगितलंच नाही. ऊन अडवते ती लोकरीत अडकलेली हवा. खळ देऊन दाबल्यावर ती हवाच निघून गेली. तुझी मेंढरं भर उन्हात चरतात, त्यांची लोकर फुगलेली असते ना, तशी हवी. पाचच दिवस उरलेत गं. रागावली असलीस तरी पाठव.

तुझ्या भरवशावर असलेली,
सिद्धू

नातेपुते, १७ एप्रिल

चि. सिद्धेश्वरीस, पोटभर आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. म्हणून तर पोती घेऊन स्वतःच आले. पत्र्याखाली बांधलेल्या जाळीत लोकर भरताना माझा हात सारखा दाबायला जायचा आणि तू ओरडायचीस. एवढी मी माझ्या सासूलाही भ्याले नव्हते!

परवा बाहेर त्रेचाळीस असताना आत छत्तीस निघाले, तेव्हा तुझ्या सरांनी यंत्र दोनदा झटकून पाहिलं. मला आकड्यांचं काय कळतंय? बावीस पोरं भर दुपारी गाढ झोपलेली पाहिली आणि त्यांच्या शेजारी मीही आडवी झाले. अंगणवाडी चालू राहणार हे सांगायला सबाताईंना मला हलवून उठवावं लागलं.

घरी आले तर तुझे मामा ओढ्यात उतरलेले, बाभळीच्या काट्यांतून गेल्या कातरणीची लोकर सोडवत होते. काय चाललंय विचारलं, तर वर न बघता म्हणाले, आपल्या बी डोक्यावर पत्राच हाय की.

सुट्टी लागली की ये. या खेपेला त्यांचा हात मी धरीन.
तुझी आत्या