माहेरच्या नावाने

खलिफा सिटी, अबू धाबी
८ जून २०२५

ती. आईस,
अस्मिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते की निनाद, ओवी आणि मी, तिघंही हिंडतेफिरते आहोत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हे मला ओरडून सांगायचं नव्हतं. निनादच्या ऑफिसातले एक जण पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर पत्र आणि तुझ्या आवडीचा खजूर पाठवते आहे. खजूर एकदम संपवू नकोस, साखर वाढते.

मार्चपासून माझं डोकं दुखत होतं. इथल्या उन्हामुळे असेल म्हणून मी अंगावर काढलं. शेवटी निनादने हट्टाने तपासणी करायला लावली. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला बारीक फुगा आला आहे. डॉ. एमान म्हणून बाई आहेत, फार शांतपणे बोलतात. त्यांनी विचारलं, की घरात रक्ताच्या कुणाला हे झालं होतं का. आईला झालं असेल तर थांबायचं नाही, लगेच बंदोबस्त करायचा. नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल, कारण मेंदूत हात घालायचा म्हणजे त्यातही धोका आहेच. मी पटकन म्हणाले, माझी आई ठणठणीत आहे, चौऱ्याहत्तरीत स्वतः पापड लाटते. मग निनाद हळूच म्हणाला, अगं, त्या रक्ताच्या आईचं विचारताहेत.

आई, मला खरंच तूच आठवलीस. जन्म देणारी मला आठवतच नाही. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा एवढंच सांगायचे, की ती अमेरिकेत तापाने गेली. डॉक्टर म्हणतात, ताप हे काही कारण नव्हे, कागद मिळवा. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात आणि मृत्यूची नोंद त्या काउंटीच्या कचेरीत असते. बाबा तेव्हा राहायचे त्या काउंटीत मी अर्ज केला, नातं शपथेवर लिहून दिलं, नोटरी केली. उत्तर आलं की मृदुला केतकर नावाची कुणी बाई त्या काळात त्या काउंटीत वारलेली नाही. उत्तर देणाऱ्या बाईंनी खाली आपणहून लिहिलं होतं, की दुसरं काही नाव असेल तर कळवा.

मी हे ऑफिसात हाफिजाला सांगितलं. ती रत्नागिरीची, आमच्या अकाउंट्समध्ये आहे. ती म्हणाली, तुमच्यात लग्नात पोरीचं नावच बदलून टाकतात ना गं, मग तुझ्या आईचं आधीचं नाव काय होतं. शेचाळीस वर्षांची झाले, पण मला ते माहीत नाही. तुला माहीत आहे का? तुला हे विचारताना फार अवघड वाटतंय. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
अस्मिता


पुणे
२४ जून २०२५

चि. सौ. अस्मितास अनेक आशीर्वाद.

खजूर पोचला. संपवला. आता रागाव.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिलंस, त्याचंच वाईट वाटलं. मी या घरात आले तेव्हा तू दाराआडून माझ्या पदराकडे बघत होतीस. त्या दिवशीच मला कळलं होतं, की तुझ्याबरोबर आणखी एक जण या घरात राहते. तिच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. पण खरं सांगते, तिचं माहेरचं नाव मलाही ठाऊक नव्हतं. फोटोखाली मृदुला लिहिलेलं, मी मृदुला म्हणूनच हार घालत आले. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं माहेरचं नाव कोण विचारतं? मी तरी हिराची शोभना झाले, ते तुझ्या बाबांशिवाय या घरात कुणाला माहीत होतं?

म्हणून मी मिरजेला जाऊन आले. तिचे भाऊ हेमचंद्र सबनीस तिथे असतात एवढं कानावर होतं. ती गेल्यापासून दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलेलं. सिद्धांत म्हणत होता, आई, आधी फोन कर. मी म्हटलं, फोनवर माणूस नाही म्हणू शकतो, दारात आलेल्या म्हातारीला म्हणत नाही. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, मी मृदुलाच्या घरून आले. ते म्हणाले, मृदुला कोण. रागाने नव्हे गं, खरंच त्यांना ओळख लागेना. मग मी तुझं नाव घेतलं आणि त्यांनी हाताला धरून मला आत नेलं.

त्यांच्या बहिणीचं नाव प्रमिला. प्रमिला वामन सबनीस. कॉलेजच्या लेझीम पथकातून ती मॉरिशसला जायची होती, त्यासाठी लग्नाआधीच पासपोर्ट काढला होता. जाणं रद्द झालं, पासपोर्ट राहिला. तुझे बाबा अमेरिकेहून थोड्या दिवसांच्या रजेवर आले, लग्न उरकलं, आणि घाईत त्याच पासपोर्टावर ती गेली. आपल्या घरात ती मृदुला झाली, पण अमेरिकेला ते कुणी कळवलंच नाही. तू होणार होतीस म्हणून ती बाळंतपणाला पुण्याला आली, तेव्हा तुझ्या दाखल्यावर पुन्हा मृदुलाच लिहिलं गेलं.

ती कशाने गेली, हे त्यांनाही माहीत नाही. त्यांनाही तापच सांगितला होता. त्या नावाने अर्ज कर. निघताना त्यांनी माझ्या हातात नारळ देऊन पाठवलं, आणि विचारलं, की पोर कुणासारखी दिसते. मी म्हटलं, आता स्वतःच विचारा.

डोकं जपून राहा. इथे माझं कशात लक्ष नाही.
तुझी आई,
शोभना


खलिफा सिटी, अबू धाबी
२ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद आला. दुपारी कुरियरवाला आला तेव्हा घरात मी एकटीच होते. पाकीट उघडलं नाही. हाफिजाला बोलावलं, ती ऑफिसातून निघाली आणि येताना बिर्याणी घेऊन आली. म्हणाली, काहीही निघालं तरी जेवायला लागेलच.

प्रमिला वामन सबनीस. वय सत्तावीस. माहिती देणारा, पती. मृत्यूचं कारण, मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव.

तेच आहे, आई. अगदी तेच.

मी बराच वेळ वयाकडेच बघत राहिले. ओवी एकोणीसची आहे. ओवी घरी आली, तिने वाचलं, आणि इंग्रजीत म्हणाली, की ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. मग आम्ही तिघी एकमेकींना धरून रडलो.

डॉ. एमान यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, आता वाट बघायची नाही. या महिनाअखेरीस मांडीतून नळी घालून तो फुगा आतून बंद करतील. डोकं उघडायचं नाही, तेव्हा तू देव पाण्यात घालून बसू नकोस. ओवीचीही तपासणी करून घेतली, तिचं सगळं स्वच्छ आहे.

मला भीती वाटते आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. आणि बाबांचा रागही येतो. त्यांना हे माहीत होतं, मग त्यांनी ताप का सांगितला?

तू मिरजेला गेली नसतीस तर मी अजून लक्षच ठेवत बसले असते. याची परतफेड मला करता येणार नाही आणि करायचीही नाही. मायेची छाया असू दे.
तुझी,
अस्मिता


पुणे
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अस्मितास अनेक आशीर्वाद.

बाबांवर रागावू नकोस. पोरीला कडेवर घेऊन ते परत आले, तेव्हा प्रत्येक जण विचारत असणार. ताप म्हटलं की लोकांना कळतं आणि पुढचा प्रश्न येत नाही. ते आयुष्यभर पुढच्या प्रश्नालाच घाबरले. मी बायको असून मलाही त्यांनी तो विचारू दिला नाही.

माझ्या पासपोर्टाची मुदत संपली आहे आणि गुडघ्यांचीही, नाहीतर आज तिथे असते. हाफिजाला सांग, त्या दिवशी ओवीला एकटी सोडू नकोस. देव पाण्यात घातलेत. मला कुणी विचारायचं नाही.
तुझी आई,
शोभना


खलिफा सिटी, अबू धाबी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर ते पूर्वीचंच आहे, उपचाराचा दोष नाही.

सगळं नीट पार पडलं. डॉ. एमान म्हणाल्या, फुग्याची भिंत एका बाजूला अगदी पातळ झाली होती, फार दिवस ती टिकली नसती. हाफिजा बाहेर तसबीह, म्हणजे तिची जपमाळ, ओढत बसली होती आणि निनाद नेहमीप्रमाणे सगळ्यांना चहा विचारत हिंडत होता. शुद्धीवर येताना मी आई म्हणून हाक मारली म्हणे. ओवीने विचारलं, की कुठल्या आईला.

काउंटीतल्या त्या बाईंना आभाराचं पत्र पाठवलं. हेमचंद्रमामांचा फोन आला होता. बोलता बोलता मध्येच म्हणाले, आवाज तिचाच आहे. देव आता पाण्यातून काढ, गारठले असतील.
तुझी लाडकी,
अस्मिता


पुणे
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अस्मितास अनेक आशीर्वाद.

देव काढले, पुसले, गोडाचा नैवेद्य दाखवला.

आता इथली बातमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, तसं मी बाबा होते तोवर तिचं करत होते, सवाष्ण जेवू घालत होते. ते गेले आणि नवमीही बंद झाली. तिची तिथी कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून गेली दोन वर्षं तिचं काहीच झालं नाही, आणि ते माझ्या मनाला लागून होतं. तुझ्या कागदातली तारीख गुरुजींना दिली. कार्तिक शुद्ध षष्ठी निघाली. तिथली तिथी धरायची की इथली, यावर ते अडले. मी म्हटलं, ती जिथे गेली तिथली धरा. काल केलं. सिद्धांत पाटावर बसला. मिरजेहून हेमचंद्र आले होते, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा या घराच्या पायरीवर.

गुरुजींनी नाव विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रमिला सांगितलं. सिद्धांत माझ्या पोटचा, पण नातं विचारलं, तर त्याने मला न विचारता आई सांगितलं. हेमचंद्रांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

कावळा शिवेना. सगळे हात जोडून काही ना काही कबूल करत होते. मी पुढे झाले आणि मनात म्हटलं, प्रमिला, पोरीला वाचवायचं तुझं काम तू केलंस, आता तिची काळजी माझ्यावर सोड. तेव्हा शिवला.

औषधं वेळेवर घे. मी इथे आहे.
तुझी आई,
शोभना