कागदावरून घालवलेली माणसं

शुक्रवार, संध्याकाळ. तळेगाव.

अजून डोकं शांत होत नाही. उर्से इथल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी बघते, त्याला यंदापासून नवे हिशेबाचे नियम लागू झाले. कामगारांना पुढे द्यावी लागणारी ग्रॅच्युइटी आता अंदाज बांधून आधीच ताळेबंदात दाखवायची. नियम चांगलाच आहे. पण मुंबईच्या सल्लागाराने काय केलं? दर वर्षी पाचातला एक कामगार नोकरी सोडून जातो, असं धरलं. पाच वर्षं भरायच्या आत सोडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळत नाही, म्हणून माणसं निघून गेली असं धरलं की देणं कमी दिसतं आणि नफा फुगतो.

पाचातला एक? आणलं कुठून हे?

दुपारी चहाला प्रेस मशीनवरचे धोंडूभाऊ भेटले. आंदर मावळातले. विचारलं, "भाऊ, दुसरीकडे जायचं कधी मनात आलं का?"

"कुटं जायाचं, ताई? हितंच केस पांढरे झाले."

तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, आपल्याकडे कोणी सोडून जात नाही, या आकड्यावर मी सही करणार नाही. साहेब हसले. "मॅडम, कागदावरच तर जातायत. खरं कोण काढतंय त्यांना?"

त्या हसण्याचाच जास्त राग आला. कागदावरून तरी धोंडूभाऊंना घालवणारे हे कोण? माझा विरोध लेखी दिला, ऑडिटरनाही कळवला.

आत्ता साहेबांचा फोन आला होता. आकडा बदलतोय म्हणाले, पण पुढच्या वर्षीपासून हे काम माझ्याकडे नसेल.

"हेही लेखी द्या," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.