दोन तुकड्यांची सरासरी

सोमवार, ४ मार्च
बसल्या! सगळ्या सिस्टर वर्गात बसल्या, एकही पळाली नाही. रुग्णालयाने परिचारिकांना आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवायचं ठरवलं, तेव्हापासून मी ओरडतेय — कमांड नकोत. मेनू उघडा, क्लिक करा, तक्ता हजर! शेजारच्या खोलीतले सर त्यांच्या तुकडीला कमांड लिहायला लावतात आणि माझ्या वर्गाला ‘बटणदाबू’ म्हणतात. म्हणोत बापडे.
साहेबांनी स्पष्ट सांगितलंय: दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा. माझी पुढे गेली तरच माझा वर्ग राहणार, नाहीतर मी परत कार्यालयात फायली लावायला. नको गं बाई!

बुधवार, ६ मार्च
आज हसून हसून पोट दुखलं. रुग्णांची माहिती भरत होतो. रक्तगटांना आकडे दिले — ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, असं. मोठ्या सिस्टरनी (वॉर्डात डॉक्टरसुद्धा त्यांना वचकून असतात) सगळे रकाने निवडले आणि ठोकली सरासरी. रक्तगट, २.३! मग शांतपणे म्हणाल्या,
"मॅडम, हे रक्त चढवायचं कुणाला?"
असा धडा मला फळ्यावर जन्मात शिकवता आला नसता.

शुक्रवार, १५ मार्च
आलेख! रंगीत! प्रत्येकीने आपापल्या वॉर्डाचा काढला. एकीने तर मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला पाठवला. घरी मी हे रंगवून सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, माऊस हलवायला शिकवतेस आणि वर पगार देतात?

शुक्रवार, २२ मार्च
परीक्षा झाली. तापाच्या साथीने माझ्या बऱ्याच जणी आल्याच नाहीत, शेजारच्या सरांच्या तुकडीत जेमतेम एखादी गैरहजर. तरी आलेल्यांनी बरं लिहिलंय. जेवण गेलं नाही.

सोमवार, २५ मार्च
जिंकलो!! गुण भरले, मेनू उघडला, दोन तुकड्यांची तुलना — माझी तुकडी चांगलीच पुढे! साहेबांनी तक्ता पाहिला आणि तिथल्या तिथे वर्ग मंजूर केला. शेजारच्या सरांनी हात मिळवला, चेहरा एवढासा. माझे पाय जमिनीवर नाहीत. नवरा म्हणतो, आता तरी जेव.

मंगळवार, २६ मार्च
फुशारकी नडली. म्हटलं, आपल्या विजयाचाच सराव देऊ. नावं काढून तेच गुण वर्गाला दिले. काय उत्तर येणार हे मला माहीत होतं, मी आधीच हसत होते.
मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आमचं उलटं येतंय. मी म्हटलं, चुकलात, परत करा. परत तेच. मग दुसरीचं, तिसरीचं. सगळ्यांचं उलटं.
जवळ जाऊन पाहिलं. गैरहजर असेल तिथे मी गुणांच्या रकान्यात ९९ टाकते, आमच्या धंद्यातली जुनी सवय. मग सॉफ्टवेअरला बजावायचं असतं की हे गुण नव्हेत, सोडून दे. काल आनंदाच्या भरात मी बजावलंच नव्हतं. ताप येऊन घरी झोपलेल्या प्रत्येकीला शंभरपैकी नव्याण्णव! या बायकांनी मी शिकवलं तसं आधी रकाना तपासला, नव्याण्णव वगळले, मगच बटण दाबलं. एकीनेही घाई केली नाही.
खरी सरासरी शेजारच्या सरांच्या तुकडीची जास्त आहे. मला अभिमान वाटतोय, आणि उद्या साहेबांना सांगायचंय.

बुधवार, २७ मार्च
साहेबांना सांगितलं. वर्ग बंद.
बाहेर सगळ्या उभ्या होत्या. "आम्ही उगाच तोंड उघडलं, मॅडम," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. म्हटलं, याचसाठी तर शिकवत होते. मग तिथेच जिन्यात रडू आलं, आणि त्यांनी मला जवळ घेतलं.